पाच नावांचा राजा

बाळाला स्नानसंस्कारासाठी चर्चमध्ये आणले की धर्मगुरू आईवडिलांना पहिला प्रश्न विचारतात तो बाळाच्या नावाचा. त्या नावानेच बाळ ख्रिस्तसभेत दाखल होते, आणि आयुष्य संपल्यावर कबरीवरील क्रूसाखालीही तेच नाव लिहिले जाते. आपले नाव मागे राहावे असे कुणाला वाटत नाही? प्राचीन मिसर देशात एक राजा होऊन गेला. त्याला एक नव्हे, पाच नावे होती आणि ती कधीही पुसली जाऊ नयेत म्हणून त्याने जन्मभर खटाटोप केला. तो राजा म्हणजे दुसरा रामसेस.

रामसेसचे घराणे मुळात राजघराणे नव्हते. त्याचे आजोबा सैन्यातील अधिकारी होते. आधीच्या राजाला वारस नसल्यामुळे ते पहिला रामसेस म्हणून गादीवर आले. त्यांच्यानंतर त्यांचा मुलगा सेती राजा झाला आणि सेतीनंतर इ.स.पू. १२७९ च्या सुमारास दुसरा रामसेस सिंहासनावर बसला. त्या वेळी तो ऐन तारुण्यात होता. पुढे तब्बल ६६ वर्षे त्याने राज्य केले.

मिसरच्या राजाला राज्यारोहणाच्या वेळी पाच नावे धारण करावी लागत. ही प्रथा रामसेसच्याही शेकडो वर्षे आधीपासूनची होती. पहिले नाव ससाण्याच्या रूपातील होरस देवाशी जोडलेले असे. त्या नावाने रामसेस हा सत्य आणि न्यायाची देवता मात हिला प्रिय असलेला बलवान बैल ठरला. दुसरे नाव उत्तर व दक्षिण मिसरच्या दोन रक्षक देवींच्या छत्राखालचे. त्याचा अर्थ मिसरचे रक्षण करणारा आणि परक्या देशांना वेसण घालणारा. तिसरे सुवर्ण होरसाचे नाव. त्यात त्याला वर्षांनी समृद्ध व विजयांनी थोर म्हटले होते. चौथे नाव राज्याभिषेकाचे : उसरमातरे, म्हणजे सूर्यदेव रा याचा न्याय सामर्थ्यवान आहे. थोड्याच काळात त्याला सेतेपेनरे, म्हणजे रा देवाने निवडलेला, अशी जोड देण्यात आली. पाचवे नाव जन्माचे : रामसेस, म्हणजे रा देवाने जन्माला घातलेला. त्यापुढे मेरिअमुन, अर्थात अमुन देवाला प्रिय, असे बिरुद लावले जाई. शेवटची दोन नावे दोरीच्या लांबट वेटोळ्यात कोरत. त्या वेटोळ्याला आज कार्टूश म्हणतात.

मिसरी लोकांना नाव म्हणजे केवळ हाक मारण्याची सोय वाटत नसे. नाव टिकले तर माणूस टिकतो आणि नाव खोडले तर तो परलोकातूनही नाहीसा होतो, अशी त्यांची समजूत होती. म्हणूनच रामसेसने आपली नावे दगडात इतकी खोल कोरून घेतली की नंतरच्या कुणाला ती सहजी घासून काढता येऊ नयेत. तो एवढ्यावर थांबला नाही. पूर्वीच्या राजांच्या अनेक पुतळ्यांवरही त्याने स्वतःचे नाव घातले. स्वतःचे नाव अमर करण्याच्या नादात त्याने दुसऱ्यांची नावे झाकून टाकली.

राज्याच्या पाचव्या वर्षी तो हित्ती लोकांशी लढण्यासाठी आजच्या सिरियातील कादेश येथे गेला. वाटेत भेटलेल्या दोघा हेरांनी शत्रू अजून खूप दूर असल्याची थाप मारली. राजाने ती खरी मानली आणि मोजक्या सैन्यानिशी पुढे जाऊन तो सापळ्यात अडकला. ऐन वेळी कुमक पोहोचली म्हणून तो वाचला. कादेश हित्तींकडेच राहिले. परंतु मायदेशी परतल्यावर रामसेसने एकट्याच्या पराक्रमाने शत्रूला धूळ चारल्याची कथा देवळादेवळांच्या भिंतींवर कोरून घेतली. जे रणांगणावर मिळाले नव्हते, ते त्याने छिन्नीने मिळवले.

तरीही हा राजा केवळ गर्विष्ठ होता असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. कादेशच्या लढाईनंतर सुमारे १५ वर्षांनी त्याने त्याच हित्तींच्या राजाशी, तिसऱ्या हत्तुसिलीशी, तह केला. एकमेकांवर चाल करायची नाही, संकटात मदतीला धावायचे आणि पळून आलेल्या माणसांना परत पाठवले तर त्यांना किंवा त्यांच्या बायकामुलांना इजा करायची नाही, अशी कलमे त्यात होती. या तहाची मातीच्या पाटीवरील प्रत आज इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे आणि तिची प्रतिकृती न्यूयॉर्क येथील संयुक्त राष्ट्रसंघाच्या इमारतीत लावलेली आहे. पुढे रामसेसने हित्ती राजकन्येशी विवाह केला. दोन्ही देशांतील शांतता त्याच्या मृत्यूपर्यंत टिकली. भिंतींवरील विजयांपेक्षा हे काम मोठे होते.

नाईल नदीच्या मुखाजवळच्या प्रदेशात त्याने नवी राजधानी वसवली आणि तिलाही स्वतःचेच नाव दिले : पी-रामसेस, म्हणजे रामसेसचे घर. दक्षिणेला अबू सिंबेल येथे डोंगर कोरून त्याने स्वतःचे चार बैठे पुतळे घडवून घेतले. प्रत्येकाची उंची सुमारे २० मीटर आहे. शेजारीच राणी नेफरतारीसाठी वेगळे देऊळ आहे. त्याच्या दर्शनी भागात राणीचे पुतळे राजाच्या पुतळ्यांएवढेच उंच आहेत, ही त्या काळी दुर्मीळ गोष्ट होती. आस्वानच्या धरणात बुडू नयेत म्हणून ही दोन्ही देवळे १९६४ ते १९६८ या काळात कापून अधिक उंचावर हलवण्यात आली.

हे सारे उभारणाऱ्यांचे काय? राजांच्या कबरी खोदणाऱ्या कारागिरांची एक हजेरी आज लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयात आहे. ती रामसेसच्या चाळिसाव्या वर्षाची आहे. दगडाच्या चिपेवर सुमारे ४० कामगारांची नावे आणि त्यांच्या गैरहजेरीची कारणे लिहिली आहेत. कुणी आजारी, कुणाला विंचू चावला, कुणाच्या घरी मृताची उत्तरक्रिया. अमर व्हावे असे त्यांच्या मनातही नसेल. तरी त्यांची नावे आपल्यापर्यंत पोहोचली.

आता आपले पवित्र शास्त्र उघडू या. निर्गम पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात इस्राएली लोकांकडून पीथोम आणि रामसेस ही कोठारांची नगरे बांधून घेतल्याचा उल्लेख आहे. त्यावरून त्यांना छळणारा फारो हा दुसरा रामसेसच असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. पण पवित्र लेखक त्याचे नाव देत नाही. फारो हे नाव नव्हेच. त्या शब्दाचा मूळ अर्थ मोठे घर, म्हणजे राजवाडा. पुढच्या काळातील शिशक, नखो अशा मिसरी राजांची नावे बायबलमध्ये आली आहेत. मात्र ज्याने इब्री बालकांना मारण्याचा हुकूम सोडला, त्याच्या पाच नावांपैकी एकही तिथे नाही.

त्याच अध्यायात दोन नावे मात्र जपून ठेवली आहेत : शिप्रा आणि पुवा. या दोघी सुइणी. जन्मणारा मुलगा असेल तर त्याला मारून टाका, असा राजाचा हुकूम त्यांना होता. त्यांनी देवाचे भय धरले आणि बाळांना जगू दिले. त्यांनी ना देऊळ बांधले, ना पुतळा उभारला. एका जिवाला पहिला श्वास घेता यावा म्हणून त्यांनी स्वतःचा जीव धोक्यात घातला.

आणखी एक गंमत पाहा. रामसेस या नावातील जन्म देण्याचा अर्थ असलेला मिसरी शब्दच मोशेच्या नावामागे असावा, असे अनेक अभ्यासकांना वाटते. राजाच्या नावाआधी सूर्यदेव आहे, मोशेच्या नावाआधी कुठलाही देव नाही. टोपलीतून नदीत सोडलेल्या त्या मुलाचे नाव आज जगभर घेतले जाते.

रामसेस सुमारे ९० व्या वर्षी, इ.स.पू. १२१३ मध्ये वारला. त्याची बारा थोरली मुले त्याच्याआधीच गेली होती, म्हणून तेरावा मुलगा मर्नेप्ताह गादीवर आला. या मर्नेप्ताहच्या शिलालेखातच बायबलबाहेर इस्राएल हे नाव प्रथम आढळते. त्यात इस्राएलचे बीज उरले नाही अशी बढाई आहे! नदीचा प्रवाह बदलला तशी पी-रामसेस नगरी ओस पडली आणि तिचे दगड दुसऱ्या नगरासाठी वाहून नेले गेले. चोरांच्या भयाने पुरोहितांनी राजाचा देह कबरीतून काढून लपवला. तो १८८१ साली सापडला. २०२१ पासून तो कैरो येथील मिसरी संस्कृतीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

त्याचे नाव राहिले, हे खरेच. पण जगाला ते ज्या कारणांसाठी आठवते ती त्याला आवडली असती का, कोण जाणे.

आपणही चर्चमधील बाकावर, क्रूसावर, सभागृहाच्या फरशीवर नाव कोरतो. आईवडिलांच्या स्मरणार्थ दिलेल्या देणगीत वावगे काही नाही. मात्र फरशीवरचे नाव लहान झाले म्हणून रुसवा धरण्याआधी शिप्रा आणि पुवा यांना आठवावे. आपल्या गावातही अशा सुइणी, परिचारिका, शेजारणी होऊन गेल्या आहेत. त्यांची नावे कुठल्याही फरशीवर नाहीत. या रविवारी मिस्सामध्ये मृतांसाठी प्रार्थना करताना त्यांच्यापैकी एकीचे तरी नाव मनात घेऊ या. परमेश्वराला ते ठाऊक आहेच. आपणही ते विसरू नये.