वेगाचा चित्रकार : जाक आंरी लार्तिग

छायाचित्र हलले की ते बिघडले, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु धावत्या मोटारीचे जगात सर्वाधिक गाजलेले एक छायाचित्र नेमके असेच हललेले, वाकडे आणि अर्धवट आहे. ते टिपणाऱ्या जाक आंरी लार्तिग यांचा जन्म १३ जून १८९४ रोजी पॅरिसजवळ कूर्बव्वा येथे एका सधन कुटुंबात झाला. प्रकृती नाजूक आणि मन हळवे. आनंदाचे क्षण निसटून जातात, याची या मुलाला फार हळहळ वाटे. वडील छायाचित्रणाचे शौकीन. त्यांनी मुलाच्या हाती सात-आठव्या वर्षीच कॅमेरा दिला. थोरला भाऊ झिसू घरीच गाड्या आणि हवेत तरंगणारी याने तयार करी, आणि जाक त्यांची छायाचित्रे घेई.

मोटार तेव्हा नवलाईची वस्तू होती. फ्रान्सच्या ग्रां प्री शर्यतीत रस्त्याकडेला उभे राहून लार्तिग यांनी भरधाव मोटारीमागे कॅमेरा फिरवला. त्या कॅमेऱ्यात काचेच्या पट्टीसमोरून एक अरुंद फट सरकत असे. त्यामुळे दृश्याचा खालचा भाग आधी व वरचा नंतर टिपला गेला. मोटार कॅमेऱ्याहून वेगवान, म्हणून तिचे चाक लंबगोल होऊन पुढे कलले. प्रेक्षक व खांब स्थिर, म्हणून ते मागे झुकले. मोटारीचा पुढचा भाग तर चौकटीबाहेरच गेला. या छायाचित्राचे साल पूर्वी १९१२ मानत. पुढे अभ्यासकांनी ते १९१३ च्या शर्यतीचे ठरवले.

लार्तिग स्वतःला चित्रकारच समजत. घरची श्रीमंती ओसरल्यावर चित्रकलेवरच त्यांची भिस्त होती. छायाचित्रे मात्र वर्षानुवर्षे घरच्या आल्बमांत पडून राहिली. १९६३ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात जॉन झारकोवस्की यांनी त्यांचे प्रदर्शन भरवले, तेव्हा लार्तिग एकोणसत्तर वर्षांचे होते. त्याच वर्षी 'लाइफ' साप्ताहिकाच्या ज्या अंकात केनेडींच्या हत्येचे वृत्त आले, त्याच अंकात ही छायाचित्रेही छापली गेली आणि घरोघरी पोहोचली. १९७४ मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष जिस्कार देस्तँ यांचे अधिकृत छायाचित्र त्यांनीच काढले. १९७९ मध्ये त्यांनी आपला सारा संग्रह राष्ट्राला अर्पण केला. १२ सप्टेंबर १९८६ रोजी नीस येथे त्यांचे निधन झाले.

स्पष्ट छायाचित्रात मोटार दिसते. लार्तिग यांच्या या छायाचित्रात तिचा वेग दिसतो. नियमात न बसणारी गोष्ट टाकून देण्यापूर्वी ती काही निराळे सांगते आहे काय, हे पाहण्याची सवय विद्यार्थिदशेतच लागली तर किती बरे!