सर विल्यम वाइल्ड : एका आयरिश वैद्याचें चरित्र

या पत्रांत आपण बहुधा मिशनरींचीं व भक्तिमान पुरुषांचीं चरित्रें वाचतां. आज ज्यांचें वृत्त लिहीत आहें ते मिशनरी नव्हते, आणि त्यांचें सर्व आचरण अनुकरणीय होतें असेंहि नाहीं. तरी आंधळे, बहिरे व दुष्काळांत मेलेले गोरगरीब यांच्याविषयीं त्यांच्या हातून जें काम झालें, तें आमच्या खेड्यांतील मंडळ्यांस व उपदेशकांस ठाऊक असावें असें मला वाटतें.

विल्यम वाइल्ड यांचा जन्म इ. स. १८१५ च्या मार्च महिन्यांत, आयर्लंडच्या पश्चिम भागांत रॉसकॉमन परगण्यांतील कॅसलरे गांवाजवळ झाला. वडील खेड्यापाड्यांतून फिरणारे वैद्य होते. दोघे थोरले भाऊ पुढें प्रॉटेस्टंट मंडळीचे पाळक झाले. धाकटा विल्यम बापाबरोबर रोग्यांच्या घरीं जाई आणि शेतकऱ्यांच्या तोंडच्या जुन्या गोष्टी ऐके. १८३२ सालीं ते डब्लिन शहरीं शस्त्रवैद्यकी शिकावयास गेले व १८३७ सालीं परीक्षा उतरले.

त्याच सालीं एका आजारी धनवान गृहस्थाचे वैद्य म्हणून ते त्याच्या गलबतावर प्रवासास निघाले. मदीरा बेट, अल्जीयर्स, मिसर देश असें करीत ते यरुशलेमेस पोहोंचले. मिसरांत त्यांनीं पिरॅमिड पाहिले, थडगीं पाहिलीं. पण वैद्याच्या दृष्टीला तेथें आणखी एक गोष्ट दिसली. त्या देशांत डोळ्यांचा एक रोग फार पसरला होता व त्यानें पुष्कळ लोक आंधळे होत. आपल्याकडे त्यास खुपरी म्हणतात. आपल्या प्रभूनें आंधळ्यांच्या डोळ्यांस स्पर्श केला तो ज्या प्रदेशांत, तेथूनच हे तरुण वैद्य डोळ्यांचा विचार मनांत घेऊन परतले. लंडन व व्हिएन्ना येथें त्यांनीं डोळे आणि कान यांच्या रोगांचा विशेष अभ्यास केला, आणि डब्लिनला येऊन गरिबांसाठीं एका तबेल्यांत दवाखाना घातला. तबेला म्हटल्यावर ख्रिस्ती मनुष्यास जें आठवावयाचें तें आठवेलच. त्या दवाखान्यांतूनच १८४४ सालीं सेंट मार्क्स नांवाचें रुग्णालय निघालें.

कानाचें दुखणें म्हणजे वैदूंनीं तेल ओतावें आणि रोग्यानें नशिबाला बोल लावावा, अशी त्या काळीं बहुतेक ठिकाणीं रीति होती. वाइल्ड यांनीं शेंकडों कान तपासून १८५३ सालीं त्या विषयावर ग्रंथ लिहिला. कानामागील हाडाशीं पू सांचला असतां तेथें छेद देऊन तो वाहता करण्याच्या क्रियेस पुढें त्यांचेंच नांव पडलें.

परंतु हें सर्व चाललें असतां त्यांच्या देशावर मोठा घाला आला. १८४५ सालीं बटाट्याच्या पिकावर रोग पडला, आणि त्यापुढच्या सालांतहि पीक पुन्हां पुन्हां बुडालें. गरीब आयरिश कुटुंबाचें सगळें अन्न म्हणजे बटाटा. दुष्काळामागोमाग ताप आला. सुमारें दहा लाख माणसें मेलीं व तितकीं किंवा त्याहून अधिक देश सोडून गेलीं. वाइल्ड त्या वेळीं एका वैद्यकीय त्रैमासिकाचे संपादक होते. त्यांनीं गांवोगांवच्या डॉक्टरांस प्रश्न पाठवून तापाची हकीकत गोळा केली व १८४९ सालीं छापली.

१८५१ सालीं खानेसुमारी झाली, तिच्यांत रोग व मृत्यु यांचें काम त्यांच्याकडे होतें. १८४१ सालीं आयर्लंडांत ८१,७५,१२४ माणसें होतीं. १८५१ सालीं ६५,५२,३८५ उरलीं. दावीद राजानें केलेली गणना देवास आवडली नाहीं हें आपणांस ठाऊक आहे. ती बळाच्या अभिमानानें केली होती. ही गणना निराळी. गेल्या दहा वर्षांत या घरीं कोण मेलें, कोणत्या वयांत, कशानें, असें घरोघर विचारलें गेलें. आंधळे किती, मुके-बहिरे किती, हेंहि मांडलें गेलें. आणि जेथें सगळें घरच मेलें, तेथें उत्तर कोणीं द्यावें? ही उणीव त्या अहवालांतच कबूल केलेली आहे. जुन्या बखरींपासूनचे सर्व दुष्काळ व सांथी यांची क्रमवार यादीहि त्यांनीं त्याला जोडली व १८५६ सालीं तें सर्व प्रसिद्ध झालें. रात्रीं दिव्यापाशीं बसून मृतांचे आंकडे मांडणें ही सेवा आहे असें कोणास वाटणार नाहीं, मला वाटतें.

रोगांचीं नांवेंहि त्यांनीं पुस्तकांतलींच धरलीं नाहींत. खेडवळ मनुष्य त्या रोगास आपल्या भाषेंत काय म्हणतो, तीं आयरिश नांवें त्यांनीं लिहून घेतलीं. ही भाषा त्या वेळीं झपाट्यानें लोपत होती. पश्चिमेकडील एका खेड्यांत त्यांनीं पाहिलें कीं, लहान मुलाच्या गळ्यांत एक काठी बांधलेली आहे. पोर आयरिश शब्द बोललें कीं बाप काठीवर एक खांच पाडी, आणि खांचा मोजून शाळेंत पंतोजी शिक्षा करी. बाप निर्दय नव्हता. इंग्रजी आल्याखेरीज पोराला भाकर नाहीं, अशी त्याची समजूत झाली होती. वाइल्ड यांनीं ही हकीकत १८५२ सालच्या आपल्या पुस्तकांत घातली. त्यांत लोकांच्या समजुती, सण, पऱ्यांच्या गोष्टी हें सर्व आहे. खेड्यांतील रोगी फी म्हणून अंडीं आणीत, त्याऐवजीं हे एखादी जुनी गोष्ट मागून घेत असें सांगतात.

बाप्तिस्मा झाल्यावर आजीच्या ओव्या, जुन्या कथा सर्व टाकून द्याव्या काय, असें आमचे उपदेशक वारंवार विचारतात. आयर्लंडांत वाळत चाललेलें मूल पऱ्यांनीं बदलून ठेवलेलें आहे असें समजून त्याचा छळ होई. असल्या समजुतीला घरांत थारा नको, हें उघड आहे. पण गोष्ट लिहून ठेवणें आणि तिची पूजा करणें हीं दोन कामें निराळीं आहेत, आणि जो आपल्या आजीला हसतो त्याचा विश्वास त्यामुळें अधिक दृढ होतो, असें माझ्या पाहण्यांत नाहीं.

जुन्या वस्तूंविषयींहि त्यांस असाच लोभ होता. डब्लिनच्या रॉयल आयरिश अकादमीजवळ जमिनींतून निघालेलीं दगडाचीं हत्यारें, कांशाच्या तलवारी, सोन्याचे अलंकार असा मोठा सांठा पडून होता. वाइल्ड यांनीं त्याची सचित्र सूची करावयास घेतली व १८५७, १८६१ आणि १८६२ या सालीं तिचे तीन भाग काढले. १८५७ सालींच ते सुमारें सत्तर विद्वानांस अटलांटिक महासागरांतील अॅरन बेटांवर घेऊन गेले, आणि तेथील कड्यावरच्या पुरातन दगडी कोटांत सर्वांनीं भोजन केलें.

आतां दुसरी बाजू लिहिली पाहिजे. १८६४ च्या जानेवारींत खानेसुमारीच्या कामाबद्दल त्यांस सर ही पदवी मिळाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत त्यांचें नांव न्यायालयांत निघालें. एक तरुण स्त्री अनेक वर्षें त्यांची रोगी होती. तिनें त्यांच्यावर अत्याचाराचा आरोप केला व पत्रकें छापून वांटलीं. सर विल्यम यांच्या पत्नीनें तिच्या बापास रागाचें पत्र लिहिलें, म्हणून त्या स्त्रीनें अब्रूची फिर्याद केली. पंचांनीं तिच्या बाजूनें निकाल दिला, पण भरपाई ठरविली एक फार्दिंग, म्हणजे पेनीचा चवथा हिस्सा. खर्चाचा मोठा बोजा वाइल्ड यांजवर पडला. ते स्वतः साक्ष द्यावयास उभेच राहिले नाहींत. ज्यानें हजारों घरांतून खरें उत्तर मागितलें, त्यानें आपल्या वेळीं मौन धरलें, हें मला त्या फार्दिंगाहून अधिक लागतें.

लग्नाआधीं त्यांस तीन मुलें झालीं होतीं. त्यांपैकीं एमिली व मेरी या दोन मुली त्यांच्या पाळक भावाच्या घरीं वाढल्या. १८७१ सालीं एका मेजवानीच्या रात्रीं एकीच्या घेरदार पोषाखास विस्तव लागला, दुसरी विझवावयास धांवली, आणि दोघीहि गेल्या. लग्नाच्या पत्नीपासून झालेली लाडकी मुलगी आयसोला १८६७ सालींच नवव्या वर्षीं वारली होती. पुढें कवि व नाटककार म्हणून प्रसिद्ध झालेला ऑस्कर हा तिचा भाऊ.

यानंतर सर विल्यम डब्लिनपेक्षां पश्चिमेकडील कॉरिब सरोवराकांठच्या आपल्या घरीं अधिक राहूं लागले. १९ एप्रिल १८७६ रोजीं डब्लिन येथें त्यांचा अंत झाला. त्यांचें रुग्णालय १८९७ सालीं दुसऱ्या एका रुग्णालयांत मिळविण्यांत येऊन रॉयल व्हिक्टोरिया नेत्र व कर्ण रुग्णालय झालें. वस्तूंची सूची अपुरी राहिली. मात्र शेतकऱ्यांच्या तोंडून मिळालेल्या गोष्टींचे त्यांचे कागद पत्नीनें जपून ठेवले होते. त्यांच्या आधारें तिनें १८८७ सालीं दोन भागांचें पुस्तक छापविलें.