बाबासाहेबांचा परत आलेला प्रबंध

आपल्या विहाराच्या अभ्यासिकेत रोज संध्याकाळी येऊन बसणारी आपल्याच वस्तीतली एक मुलगी पीएच. डी. करते आहे. प्रबंध विद्यापीठात देऊन झाला, आता तोंडी परीक्षा, म्हणजे ज्याला व्हायवा म्हणतात, ती व्हायची आहे. परवा वंदना झाल्यावर तिची आई मला विचारू लागली की भाऊ, एवढं जाडजूड पुस्तक लिहून झालं, टाईप झालं, बाइंडिंग झालं, मग आता परीक्षा कसली राहिली? आणि पोरीला रात्र रात्र झोप का लागत नाही? मी त्या माउलीला सांगितलं की लिहिणं हे अर्धंच काम असतं. लिहिलेलं जाणकारांपुढे टिकवावं लागतं आणि त्यांनी परत केलं तर पुन्हा लिहायला बसावं लागतं. परमपूज्य बाबासाहेबांचाही प्रबंध एकदा परत आला होता. हे ऐकून ती बघतच राहिली. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने लेख मागितला तेव्हा ठरवलं की हेच लिहावं.

आपण बाबासाहेबांच्या नावाआधी डॉक्टर लावतो. पण ही डॉक्टर पदवी कशी मिळाली हे आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसतं. जयंतीच्या भाषणात पदव्यांची यादी वाचली जाते आणि टाळ्या पडतात. यादीतल्या एकेका अक्षरामागे किती वर्षं गेली ते कोणी सांगत नाही.

बडोदा संस्थानचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली आणि १९१३ च्या जुलैत भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले. त्याच वर्षी २ फेब्रुवारीला वडील सुभेदार रामजी वारले होते. कोलंबिया विद्यापीठात त्यांनी १९१५ साली एम. ए. केलं. १९१६ साली भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नावरचा प्रबंध डॉक्टरेटसाठी तयार केला. त्यांचे गुरू प्राध्यापक सेलिग्मन अर्थशास्त्रातले मोठे नाव. परंतु कोलंबियाचा त्या काळी नियम असा, की प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठाला दिल्याशिवाय पदवी हातात मिळत नसे. छपाईला पैसा कुठून आणायचा? ते काम तसंच मागे ठेवून ते लंडनला गेले. ऑक्टोबर १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये नाव घातलं.

पुढच्याच वर्षी शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि परतावं लागलं. लंडन विद्यापीठाने एवढी सवलत दिली की चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करता येईल. पहिलं महायुद्ध चालू होतं. सामान वेगळ्या बोटीने पाठवलं होतं, ती बोट जर्मन पाणबुडीने बुडवली. पोटाला चिमटा घेऊन जमवलेली पुस्तकं गेली आणि त्यांच्यासोबत कोलंबियाच्या प्रबंधाचं हस्तलिखितही गेलं. आज आपली पोरं कॉम्प्युटरवरची एखादी फाईल उडाली तर जेवत नाहीत. इथे तर दुसरी प्रतच नव्हती. ऑगस्ट १९१७ मध्ये ते मुंबईला उतरले तेव्हा तीन-चार वर्षांची मेहनत समुद्राच्या तळाशी होती.

त्यानंतर बडोद्यात काय घडलं, पारशी वसतिगृहातून कसं हाकललं गेलं, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत, म्हणून इथे पुन्हा लिहीत नाही. नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकाची नोकरी लागली. एवढा शिकवणारा माणूस, पण सहकारी प्राध्यापकांच्या माठातलं पाणी चालेना. त्या पगारातून परळच्या चाळीतला संसार चालवायचा आणि त्यातूनच लंडनसाठी शिल्लक टाकायची, असा दोन वर्षांचा हिशेब होता. चार वर्षांची मुदत डोक्यावर होतीच. शेवटी शिल्लक, मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले ५००० रुपये कर्ज आणि छत्रपती शाहू महाराजांची मदत, असं सारं जमवून जुलै १९२० मध्ये ते पुन्हा बोटीत बसले.

लंडनचे ते दिवस म्हणजे तयारी कशी असते याचा धडाच आहे. सकाळी ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात जायचं ते बंद होईपर्यंत उठायचं नाही. शिवाय इंडिया ऑफिसचं ग्रंथालय होतंच. दुपारच्या जेवणाला पैसे नाहीत. रात्री खोलीवर आल्यावर पुन्हा अभ्यास. पोटात भूक उठली की भाजलेले चार पापड आणि कपभर दूध. हे पापड एका ओळखीच्या गृहस्थाने दिले होते, ते मोजून खायचे. खोलीतल्या सोबत्याला मध्यरात्री जाग आली तरी दिवा चालूच असे. लंडनमधल्या १०, किंग हेन्रीज रोड या ज्या घरात ते १९२१-२२ मध्ये राहिले, ते महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतलं आणि आता तिथे स्मारक आहे.

जून १९२१ मध्ये एम. एस्सी. झाली. ऑक्टोबर १९२२ मध्ये डी. एस्सी.साठी प्रबंध दिला. विषय होता रुपयाचा प्रश्न, त्याचा उगम आणि उपाय.

हा विषय अवघड म्हणून आपण सोडून देतो, पण तो आपल्या रोजच्या बाजारहाटाचाच आहे. पूर्वी रुपया चांदीचा होता आणि कोणीही टांकसाळीत चांदी देऊन रुपये पाडून घेऊ शकत असे. चांदीचा भाव घसरत गेला, आणि हिंदुस्थान सरकारला तर इंग्लंडला दरवर्षी सोन्याच्या नाण्यात रकमा द्यायच्या असत. म्हणून १८९३ साली टांकसाळी लोकांसाठी बंद झाल्या. पुढे रुपयाचा भाव १ शिलिंग ४ पेन्स असा बांधला गेला. पण सरकारला स्वतःला हवे तेवढे रुपये पाडण्याची मोकळीक राहिली. केन्स या पुढे जगप्रसिद्ध झालेल्या अर्थशास्त्रज्ञाने १९१३ च्या आपल्या पुस्तकात या पद्धतीची भलावण केली होती. बाबासाहेबांनी नेमकं तेच खोडून काढलं. त्यांचं म्हणणं असं की परदेशी नाण्याशी रुपयाचा भाव स्थिर आहे की नाही एवढंच बघून भागत नाही, त्या रुपयात बाजारात धान्य किती मिळतं ते बघा. सरकारच्या हाती मोकळीक दिली की रुपये भरमसाट निघतात, महागाई वाढते, व्यापाऱ्याचा फायदा होतो आणि मजुरीवर जगणारा मारला जातो. म्हणून टांकसाळ सरकारलाही बंद करा, रुपयांची संख्या ठरवून टाका आणि सोन्याचं नाणं चालवा, असा त्यांचा उपाय. रिझर्व्ह बँक बाबासाहेबांमुळे झाली, एवढं वाक्य आपण भाषणात ऐकतो. पण मजुराच्या मजुरीत काय येतं, असा त्या ग्रंथातला सवाल आहे, तो मला जास्त मोलाचा वाटतो.

प्रबंध देऊन ते पुढच्या अभ्यासासाठी जर्मनीत बॉनला गेले. मार्च १९२३ मध्ये प्राध्यापक कॅनन यांनी त्यांना लंडनला बोलावून घेतलं. परीक्षकांना प्रबंध जसाच्या तसा मान्य नव्हता. सरकारी चलननीतीवर इतकी सडेतोड टीका त्यांना रुचली नाही, असे चरित्रकार लिहितात. निष्कर्ष तसेच राहू देत, पण मांडणी पुन्हा करून आणा, असा निरोप मिळाला. राहायचं म्हटलं तर खिशात पैसे नव्हते. एप्रिल १९२३ मध्ये बाबासाहेब मुंबईला परत आले, ते डी. एस्सी. न घेताच.

परळच्या बी. आय. टी. चाळीतल्या दोन खोल्या. घरात बायको, मुलगा यशवंत, भावजय. ज्यांच्या नावाने घाटकोपरात एवढी मोठी वस्ती उभी राहिली त्या माता रमाईंनी ती सगळी वर्षं अर्धपोटी काढली होती. बाबासाहेब आणि रमाईंना पाच मुलं झाली, त्यांतली चार दगावली. नवऱ्याने परदेशातून काय आणलं, असं चाळीतल्या बायकांनी विचारलं असेल तर रमाईंनी काय सांगितलं असेल? बॅरिस्टर होऊन आले होते, पण वकिलीची सनद काढायलाही पैसे नव्हते, तेही भथेनांनीच दिले. जुलैपासून हायकोर्टात जायचं, आणि हातात तो परत आलेला प्रबंध. ब्रिटिश म्युझियम हजारो मैल लांब. तरी त्यांनी तो पुन्हा लिहिला. धार कमी केली नाही, निष्कर्ष बदलले नाहीत, आणि ऑगस्टमध्ये लंडनला रवाना केला. या खेपेला तो मान्य झाला. नोव्हेंबर १९२३ मध्ये डी. एस्सी. मिळाली आणि डिसेंबरमध्ये लंडनच्या पी. एस. किंग कंपनीने ग्रंथ छापला. प्रस्तावना कॅनन साहेबांची, आणि तीत त्यांनी आपले मतभेद उघड नोंदवले आहेत! गुरूला पटलं नाही तरी शिष्याला मांडू दिलं, हीही एक मोठी गोष्ट. पुढे १९२५ च्या डिसेंबरात चलनविषयक शाही आयोगापुढे बाबासाहेबांनी साक्ष दिली तेव्हा हाच अभ्यास कामी आला.

कोलंबियाचं राहिलेलं कामही त्यांनी सोडलं नव्हतं. समुद्रात गेलेल्या हस्तलिखितावर रडत बसण्याऐवजी नवा प्रबंध सिद्ध केला, तो ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या वाढीवर. १९२५ साली तो छापला, सेलिग्मन गुरुजींनी प्रस्तावना लिहिली आणि सयाजीराव महाराजांना तो अर्पण केला. प्रती न्यूयॉर्कला पोहोचल्या आणि ८ जून १९२७ रोजी पीएच. डी. मिळाली. पहिला प्रबंध तयार झाल्यापासून अकरा वर्षांनी! त्याच वर्षी मार्चमध्ये महाडच्या चवदार तळ्याचं पाणी त्यांनी आपल्या लोकांसह ओंजळीत घेतलं होतं.

त्या मुलीच्या आईला मी हे सगळं विहाराच्या पायरीवर बसून सांगितलं. तिने शेवटी एकच विचारलं, की रुपयावरचं ते पुस्तक बाबासाहेबांनी कोणाला वाहिलं? आईवडिलांच्या स्मृतीला. आई भीमाबाई तर भीम लहान असतानाच गेली. आणि वडील रामजी, पोराला हवं ते पुस्तक आणायचं म्हणून लेकींच्या घरी जाऊन त्यांचा दागिना मागून आणत आणि मारवाड्याकडे गहाण टाकत. पेन्शन आली की सोडवत.