रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन : दीपगृहांच्या घरांतील लेखक

पुण्याच्या किंवा मुंबईच्या वेधशाळेच्या आवारांत उंच पायांवर उभी असलेली एक पांढरी पेटी आपल्यापैकीं कित्येकांनीं पाहिली असेल. तिच्या भिंती झडपांच्या असतात. आंत उष्णतामापक यंत्रें ठेवलेलीं असतात. वारा आंत खेळतो, पण ऊन शिरत नाहीं. या पेटीला स्टीव्हन्सन स्क्रीन म्हणतात. आणि ‘ट्रेझर आयलंड’ ही चांचे लोकांची गोष्ट ज्यानें लिहिली त्याचेंही आडनांव स्टीव्हन्सनच. पेटी बापाची, पुस्तक मुलाचें. या दोन वस्तूंच्या मध्यें एका कॉलेजांतील विद्यार्थ्याची चार वर्षांची ओढाताण आहे.

रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन याचा जन्म १३ नोव्हेंबर १८५० रोजीं स्कॉटलंडांतील एडिंबरो शहरीं झाला. घराणें दीपगृहें बांधणाऱ्यांचें. किनाऱ्यापासून सुमारें अकरा मैलांवर, भरतीच्या वेळीं पाण्याखालीं जाणाऱ्या बेल रॉक नांवाच्या खडकावर आजोबांनीं जें दीपगृह उभारलें, त्याचा दिवा १८११ सालीं प्रथम लागला. आजोबांचे तीन मुलगे, ॲलन, डेव्हिड व टॉमस, याच व्यवसायांत पडले. पैकीं टॉमस हे लुईचे वडील. दिव्याचा प्रकाश वायां न जाऊं देतां समुद्रावर फेंकण्याच्या युक्तींत त्यांनीं मोठी सुधारणा केली. लुई त्यांचा एकुलता एक मुलगा. तेव्हां त्यानें पुढें काय व्हावयाचें हा प्रश्न त्या घरांत कोणास पडलाच नाहीं.

मुलाची छाती लहानपणापासून नाजूक. खोकल्यानें रात्रीच्या रात्री जागून निघत. अशा वेळीं वडील येऊन गाडीवान, सरायवाले यांचीं काल्पनिक संभाषणें रचीत व त्याचें मन रमवीत. पुढें मुलाच्या लेखनाची ज्यांना काळजी वाटली, त्यांनींच तें बीं पेरलें असें म्हटलें तर फारसें चुकणार नाहीं.

१८६७ सालीं लुई एडिंबरोच्या विद्यापीठांत स्थापत्याचें शिक्षण घेण्यास दाखल झाला. वर्गांत तो क्वचितच दिसे. फ्लीमिंग जेंकिन या प्राध्यापकांनीं, समुद्राखालील तारायंत्राच्या कामांत ज्यांचें मोठें नांव होतें, त्याला हजेरीचा दाखला देण्याचें साफ नाकारलें. (याच जेंकिनांशीं पुढें त्याचा गाढ स्नेह जडला व त्यांचें चरित्र त्यानेंच लिहिलें.) सुटींत मात्र वडील त्याला प्रत्यक्ष कामावर पाठवीत. १८६८ च्या उन्हाळ्यांत तो प्रथम अँस्ट्रदर येथें बंदराच्या कामावर होता. दिवसा तो काम पाही आणि रात्रीं मेणबत्तीच्या उजेडांत कविता लिहीत बसे. तेथून तो विक येथें गेला. तेथें स्टीव्हन्सन मंडळी समुद्रांत मोठा बांध घालीत होती. लुईनें हट्ट धरून पाणबुड्याचा पोशाख चढविला आणि तो तळाशीं उतरला. पायांत जड बूट, डोक्यावर जड टोप. आणि तरीही पाण्यांत माणसाइतक्या उंच दगडावर एका उडींत चढतां येतें हें पाहून तो हरखून गेला. समुद्र, होड्या, वादळी बेटें हें सर्व त्याला प्रिय होतें. नावड होती ती कचेरींतल्या मेजाची व आंकडेमोडीची.

तथापि त्याला तें काम येत नव्हतें असें मात्र समजूं नये. २७ मार्च १८७१ रोजीं त्यानें एडिंबरोच्या एका विद्वत्सभेपुढें दीपगृहाच्या उघडझाप करणाऱ्या दिव्याच्या नव्या रचनेवर निबंध वाचला, व त्याबद्दल त्याला रौप्यपदक मिळालें. वडिलांस केवढी धन्यता वाटली असेल! आणि अवघ्या बारा दिवसांनीं, ८ एप्रिल रोजीं, बापलेक फिरावयास गेले असतां लुईनें मन उघडें केलें : आपणांस स्थापत्य नको, लेखक व्हावयाचें आहे.

टॉमस यांनीं आरडाओरडा केला नाहीं, दुःख गिळलें. परंतु साहित्यावर पोट भरेल यावर त्यांचा विश्वास नव्हता. म्हणून तडजोड ठरली कीं मुलानें कायदा शिकावा, म्हणजे हातीं एक धंदा राहील. लुईनें तें मान्य केलें व १८७५ सालीं तो वकील झाला. वकिली त्यानें जवळजवळ केलीच नाहीं. येथें पालकांची बाजू निव्वळ चुकीची होती असें मला वाटत नाहीं. कारण पुढें कित्येक वर्षें लुईचा खर्च वडिलांच्याच पैशावर चालला होता. दोघांत खटके उडाले, तरी तो हात वडिलांनीं कायमचा आंखडला नाहीं.

आणि वडिलांचा धंदा तरी कोठें खात्रीचा होता? विकचा तो बांध १८७२ च्या हिंवाळ्यांतील वादळानें फोडला, आणि शेवटीं तें काम सोडून द्यावें लागलें. तें अपयश टॉमस यांच्या जिव्हारीं लागलें.

१८८१ सालीं ब्रेमार गांवीं पावसानें सर्वांस घरांत कोंडलें असतां, लुईनें सावत्र मुलाच्या करमणुकीसाठीं एका बेटाचा नकाशा काढला व त्यावरून रोज एक प्रकरण लिहून घरांत वाचूं लागला. श्रोत्यांत त्रेसष्ट वर्षांचे टॉमसही होते, आणि लहान मुलासारखे रंगून गेले होते! बिली बोन्स या खलाशाच्या पेटींत काय काय निघावें याची यादी त्यांनीं स्वतः करून दिली. फ्लिंटच्या जहाजाचें नांवही त्यांनींच सुचविलें. पुस्तक १८८३ मध्यें प्रसिद्ध झालें.

टाकलेली विद्या अशी वारंवार परत येत राहिली. १८७० सालीं एका दीपगृहाचे दगड घडविण्याचें काम चाललें असतां लुई अरेड बेटावर राहिला होता. ‘किडनॅप्ड’ (१८८६) या कादंबरींतील मुलगा जहाज फुटल्यावर त्याच बेटावर येऊन पडतो, आणि ओहोटींत तेथून चालत जातां येतें हें ठाऊक नसल्यामुळें फुकट हाल सोसतो.

१८८७ सालीं टॉमस वारले. प्रकृतीसाठीं लुई पुढें दूर पॅसिफिक महासागरांतील सामोआ बेटावर जाऊन राहिला. तेथें शेवटच्या वर्षांत कादंबऱ्यांबरोबर त्यानें आणखी एक लेखन हातीं घेतलें : आपल्या घराण्यांतील इंजिनिअरांचा इतिहास. आजोबांच्या बेल रॉकच्या बांधकामापर्यंत तो आला होता. ३ डिसेंबर १८९४ रोजीं, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षीं, त्याला अकस्मात् मृत्यु आला आणि तो इतिहास अपुरा राहिला. बेल रॉकचा दिवा अद्याप लागतो. १८८८ च्या पुढें शंभर वर्षांनीं, १९८८ सालीं, तो स्वयंचलित झाला, आणि तेव्हांपासून त्या खडकावर कोणी मनुष्य राहत नाहीं.