यात्रेकरूंचे सेवेकरी : संत गाडगे महाराज

देवदर्शनाच्या ओढीने घर सोडून निघालेल्या माणसाला देवळाच्या पायरीशी पोहोचण्यापूर्वी पुष्कळ गोष्टी लागतात. रात्री पाठ टेकण्यास आडोसा, स्नानाला घाट, चूल मांडण्यास कोपरा आणि पिण्यास स्वच्छ पाणी. या गरजा साध्या खऱ्या, परंतु शंभर वर्षांपूर्वी महाराष्ट्रातील कित्येक क्षेत्रांत गोरगरीब यात्रेकरूच्या वाट्याला त्या येत नसत. त्या भागविण्यासाठी ज्या महापुरुषाने सारे आयुष्य वेचले, त्याने स्वतःसाठी मात्र चार भिंतींचे घरही बांधले नाही. संतपरंपरेत वंदनीय ठरलेल्या या महापुरुषाचे नाव श्रीसंत गाडगे महाराज.

महाराजांचा जन्म दि. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात झाला. मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. वडील झिंगराजी मद्याच्या व्यसनापायी अकालीच निवर्तले आणि माता सखुबाई लहानग्या डेबूला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या माहेरगावी आल्या. मामांच्या घरी डेबूजी गुरे राखू लागले. पुढे नांगर हाती आला. शेतीच्या प्रत्येक कामात ते तरबेज झाले. सन १८९२ मध्ये कुंताबाईंशी त्यांचा विवाह झाला.

संसार सुखाचा व्हावा अशीच सारी चिन्हे होती. परंतु मामांनी काढलेल्या कर्जापायी घरची सुपीक जमीन सावकाराच्या घशात गेली. कागदावर काय लिहिले आहे हे घरात कोणालाच वाचता येत नव्हते. कर्ज, व्यसन आणि निरक्षरता या तिन्हींनी मिळून एक कष्टाळू घर कसे धुळीस मिळते, हे डेबूजींनी ग्रंथांत वाचले नाही, स्वतःच्या अंगणात पाहिले. पुढील पन्नास वर्षे त्यांच्या कीर्तनांतून हेच तीन विषय पुनःपुन्हा आले. कन्येच्या बारशाच्या वेळी जातीच्या रिवाजाप्रमाणे मद्य-मांसाची पंगत घालण्याऐवजी त्यांनी गोडाचे जेवण दिले. जातबांधवांची नाराजी पत्करून उचललेले हे पाऊल त्यांच्या पुढील वाटचालीची नांदीच म्हणावी लागेल.

दि. १ फेब्रुवारी १९०५ च्या रात्री डेबूजींनी घर सोडले. घरात वृद्ध माता, पत्नी व लेकरे होती. या त्यागाची किंमत केवळ त्यांनीच मोजली असे नाही. ती त्या माउलींनीही मोजली, आणि महाराजांचे चरित्र सांगताना त्यांचे स्मरण सहसा केले जात नाही. त्यानंतर सुमारे बारा वर्षे डेबूजी गावोगाव हिंडत राहिले. अंगावर ठिगळांची गोधडी, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, एका हाती खराटा आणि जवळ मातीचे गाडगे. त्याच गाडग्यात भाकरी खावी, त्यातच पाणी प्यावे, उन्हात तेच डोक्यावर पालथे घालावे. या गाडग्यावरून लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. गावात शिरताच ते कोणाशी न बोलता रस्ते व गटारे झाडावयास लागत. कोणाचे लाकूड फोडून द्यावे, कोणाची गंजी रचून द्यावी आणि मगच भाकरी घ्यावी, असा त्यांचा नेम होता. काम केल्यावाचून खाल्लेले अन्न त्यांना चोरीचे वाटे.

यात्रेकरूंच्या सेवेचा आरंभ झाला तो पूर्णा नदीच्या काठी, ऋणमोचन येथे. या क्षेत्री पौष महिन्यातील रविवारी यात्रा भरते. येथील स्नानाने मनुष्य ऋणातून मुक्त होतो अशी भाविकांची श्रद्धा. ज्यांचे घर कर्जाने बुडाले त्या डेबूजींची सेवा याच गावी सुरू व्हावी, हा योगायोग मोठा विलक्षण आहे. त्या काळी नदीचा उतार चिखलाने निसरडा होई. पाण्याची घागर घेऊन चढणाऱ्या बायाबापड्या घसरून पडत. शेकडो लोक हे पाहात आणि आपल्या वाटेने जात. डेबूजींनी कुदळ-फावडे घेतले व एकट्याने माती खणून पायऱ्या करण्यास सुरुवात केली. त्यांचे पाहून इतरही हात लावू लागले. पुढे लोकवर्गणीतून तेथे पक्का घाट व धर्मशाळा उभी राहिली, आणि यात्रेच्या दिवसांत अंध-पंगूंना अन्नवस्त्र देण्याची प्रथाही सुरू झाली.

श्रीक्षेत्र पंढरपुरास महाराज वारंवार येत. वारकऱ्यांची गर्दी उसळली की वाळवंट व गल्ल्या झाडीत. रात्री कीर्तन करीत. एवढे असूनही ते दर्शनासाठी राऊळात मात्र जात नसत, ही गोष्ट आज वाचणाऱ्या भाविकाला कदाचित चमत्कारिक वाटेल. त्यामागे देवाविषयी अनादर नव्हता. गोपाळाच्या नामाचा गजर केल्याशिवाय त्यांचे एकही कीर्तन झाले नाही. परंतु ज्या गर्दीतून इतर लोक देवाकडे पाहात होते, त्याच गर्दीकडे महाराज पाहात होते. तेथे त्यांना दिसले की, अस्पृश्य गणल्या गेलेल्या वारकऱ्यांना उन्हापावसात कोठेच थारा नाही. शेकडो कोस चालून आलेली ही मंडळी उघड्यावर पडत. ज्या चोखोबांचे अभंग वारीत भक्तिभावाने गायिले जातात, त्यांच्याच जातभाईंची ही दशा होती.

सन १९१७ मध्ये महाराजांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळेचे काम हाती घेतले व सन १९२० पर्यंत ते तडीस नेले. हाताशी दमडी नसलेल्या माणसाने एवढी वास्तू उभी केली ती केवळ लोकांच्या विश्वासावर. दात्यांनी देऊ केलेला पैसा महाराज हाती घेत नसत. तो विश्वस्तांकडे जावा, त्याचा विनियोग ठरल्या कामासाठीच व्हावा, असा त्यांचा कटाक्ष असे. आपल्या नातेवाइकांचा या वास्तूंवर कोणताही हक्क राहणार नाही, हेही त्यांनी स्पष्ट करून ठेविले होते. पंढरपुरापाठोपाठ नाशिक, आळंदी, देहू अशा क्षेत्रीही धर्मशाळा झाल्या. त्यांत सहस्रावधी यात्रेकरू सुखाने राहिले. बाबांच्या घरच्यांना मात्र त्यांत कसलाही वाटा मिळाला नाही. स्वतः महाराज आवारातील एखाद्या झाडाखाली नाही तर रस्त्याकडेला पथारी टाकीत.

महाराजांच्या कीर्तनाची तऱ्हा न्यारी होती. पोथी नाही, पांडित्य नाही. वऱ्हाडी बोलीत ते समोरच्या श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि उत्तरे त्यांच्याच तोंडून वदवून घेत. नवसापायी मुक्या प्राण्याचा बळी देऊ नका, कर्ज काढून सण साजरे करू नका, दारूस स्पर्श करू नका, जेवणाचे ताट विकावे लागले तरी बेहत्तर पण मुलांना शाळेत घाला, असे त्यांचे सांगणे असे. आपला कोणी गुरू नाही व शिष्यही नाही, असे ते निक्षून सांगत. लोक पाया पडावयास धावले की ते चक्क पळ काढीत.

कसोटीचा प्रसंग आला सन १९२३ मध्ये. कोकणात खारेपाटण येथे कीर्तन चालू असता पुत्र गोविंद कुत्र्याच्या दंशाने मरण पावल्याची वार्ता येऊन थडकली. समोर खेड्यापाड्यांतून आलेला जनसमुदाय बसलेला. महाराजांनी कीर्तन थांबविले नाही. जगात नित्य कोणाचे ना कोणाचे लेकरू जात असता एकट्या आपल्या लेकरासाठी काय रडावे, असा त्यांच्या मनाचा भाव होता. पित्याच्या हृदयात त्या रात्री काय घडले असेल, याची केवळ कल्पनाच करावी लागते. दापुऱ्याच्या अंगणातून उठलेला हा माणूस तोवर एका घराचा उरला नव्हता, हे मात्र त्या दिवशी सर्वांना दिसले.

उतारवयात महाराजांनी आपल्या सेवेचे लोण क्षेत्रांबाहेरही नेले. सन १९४९ मध्ये पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सुपूर्द केली. प्रचंड कष्टाने उभारलेली वास्तू अशी सहज देऊन टाकणे सर्वांनाच जमण्यासारखे नाही. परंतु वारकऱ्याला निवारा देणारी जागा विद्यार्थ्याच्या उपयोगी पडणार असेल तर ती त्याची व्हावी, इतका सरळ त्यांचा हिशेब होता. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या शिक्षणकार्यावरही त्यांचा लोभ होता. सन १९५४ मध्ये कऱ्हाड येथे निघालेल्या रयत शिक्षण संस्थेच्या महाविद्यालयास महाराजांचेच नाव देण्यात आले. ज्यांना स्वतःला शाळेचे तोंड पाहावयास मिळाले नाही, त्यांच्या नावाचे ते विद्यालय होय.

त्याच वर्षी मुंबईत जे. जे. रुग्णालयात येणाऱ्या रुग्णांच्या नातलगांसाठी धर्मशाळा झाली. परगावाहून आजारी माणसाला घेऊन आलेले आप्त फूटपाथवर दिवस काढीत. महाराजांच्या दृष्टीने तेही यात्रेकरूच होते. तत्पूर्वी, दि. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी श्री गाडगे महाराज मिशनची स्थापना करून धर्मशाळा, शाळा, वसतिगृहे, अन्नछत्रे असा सारा पसारा विश्वस्तांच्या हाती सोपविण्यात आला होता. पुढे याच कार्यातून मुंबईत दादर येथे कर्करुग्ण व त्यांच्या आप्तांसाठीही धर्मशाळा उभी राहिली.

दि. ६ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांचे महापरिनिर्वाण झाले. या वार्तेने आधीच प्रकृती खालावलेल्या महाराजांना मोठा धक्का बसला. आपल्या मागे समाधी, पुतळा वा स्मारक करू नये, असे ते सांगत असत. अवघ्या चौदा दिवसांनी, दि. २० डिसेंबर १९५६ रोजी मध्यरात्रीनंतर, अमरावतीकडे मोटारीने नेले जात असता वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर त्यांची प्राणज्योत मालवली. आयुष्यभर ज्या रस्त्यांवर ते खराटा घेऊन चालले, अशाच एका रस्त्यावर त्यांचा देह पडला. अमरावती येथे लोटलेल्या अफाट जनसमुदायाच्या साक्षीने त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. भक्तांनी समाधी बांधलीच. त्या एका बाबतीत लोकांनी बाबांचे ऐकले नाही.