जे. पी. नाईक आणि आपले बीजगणित

आपल्या बाईंवर आणि सरांवर या स्मरणिकेत बरेच जण लिहितील. मी अशा एका शिक्षणतज्ज्ञाविषयी लिहिते आहे, ज्यांनी आपल्याला एकही तास शिकवला नाही आणि आपली बॅच पहिलीत जाण्याआधीच जे गेले. तरीही दहावीपर्यंत आपण कोणते विषय शिकलो, हे ठरण्यात त्यांचा मोठा हात होता. ते म्हणजे जे. पी. नाईक.

नाईकांचा जन्म ५ सप्टेंबर १९०७ चा, कोल्हापूरकडच्या बहिरेवाडीतला. (पुढे शिक्षकदिन त्याच तारखेला आला, हा निव्वळ योगायोग.) मूळ नाव विठ्ठल हरी घोटगे, जग त्यांना ओळखते ते जयंत पांडुरंग नाईक म्हणून. १९३० च्या कायदेभंगात ते तुरुंगात गेले. बळ्ळारीच्या तुरुंगात आजारी कैद्यांची शुश्रूषा करता करता औषधोपचार शिकले. सुटल्यावर धारवाड जिल्ह्यातल्या उप्पिनबेटगेरी या खेड्यात जाऊन राहिले आणि तिथे साक्षरतेचे, आरोग्याचे काम केले. मूल शाळेत का येत नाही, हे त्यांनी आधी गावात पाहिले, अहवाल नंतर लिहिले. मला त्यांच्या चरित्रातला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो.

पुढे कोल्हापूर संस्थानात विकासाची कामे, १९४८ मध्ये मुंबईत भारतीय शिक्षण संस्थेची स्थापना, मग गारगोटीचे मौनी विद्यापीठ. त्यानंतर दिल्लीत केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाचे सल्लागार. त्या कामाचा पगार ते महिना एक रुपया घेत.

१९६४ मध्ये डॉ. दौलतसिंग कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला आणि नाईक त्याचे सदस्य-सचिव झाले. आयोगात १७ सदस्य होते, त्यांत परदेशी तज्ज्ञही होते. सुमारे ९,००० लोकांशी बोलणी झाली. हे सगळे एका अहवालात बसवण्याचे काम मुख्यतः सचिवांचे. जून १९६६ मध्ये अहवाल सादर झाला. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशाने परक्यांनी घालून दिलेली शिक्षणाची घडी कशी बदलावी, याचा एवढा सविस्तर विचार त्या काळी फार थोड्या देशांत झाला असेल.

१०+२+३ सर्वांना माहीत आहे. आपल्या राज्यात १९७५ साली दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली, ती त्याच आकृतिबंधानुसार. पण मला सांगायचे आहे ते दुसऱ्याच शिफारशीबद्दल. पहिली दहा वर्षे विज्ञान आणि गणित सर्वांना सक्तीचे, मुलींनाही.

त्याआधी मुलींना गृहविज्ञानासारखे वेगळे विषय द्यावेत, हा विचार चांगला रुजलेला होता. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगानेही त्याला जागा दिली होती. माझी आई जुन्या अकरावीची मॅट्रिक. बीजगणित तिने घेतले नाही, खरे तर घेण्याचा प्रश्नच घरात कोणी काढला नाही. हंसा मेहता यांच्या समितीने मुलगे-मुली असा अभ्यासक्रमात भेद नको म्हटले आणि कोठारी आयोगाने ते उचलून धरले. श्रेय एकट्या नाईकांचे नाही, हे मुद्दाम लिहिते.

आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात 'डिफॉल्ट' म्हणून एक गोष्ट असते. वापरणाऱ्याने काहीच निवडले नाही, तर जे आपोआप लागू होते ते. बहुतेक लोक ते कधीच बदलत नाहीत. गणित ऐच्छिक राहिले असते, तर आपल्या वर्गातल्या कितीतरी मुलींचा निर्णय आजी-काकांनी घेतला असता. सक्तीमुळे कोणी विचारलेच नाही. बीजगणित आणि भूमिती, दोन्ही पेपर सगळ्यांना. आपल्या बॅचमधून ज्या तिघी-चौघी इंजिनिअर झालो, त्या घरी भांडून झालो नाही. दहावीला गणिताचे मार्क हातात होते, म्हणून झालो.

याच अहवालात परिसर शाळेचीही शिफारस होती. वस्तीतली सगळी मुले, डॉक्टरांची आणि हमालांचीही, एकाच शाळेत. आपल्या शाळेत ते बऱ्यापैकी होते, पण ते धोरणामुळे नव्हे. गावात दुसरी चांगली शाळा नव्हती म्हणून. ही शिफारस सरकारने स्वीकारली, राबवली मात्र नाही. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च, हेही तसेच राहिले.

नाईकांनी हे अपयश झाकले नाही. समता, गुणवत्ता आणि संख्या हा त्रिकोण आपल्या हाती का लागत नाही, यावर त्यांनी १९७५ मध्ये पुस्तक लिहिले. पुढच्या वर्षी संस्था पुण्याला आली. पत्नी चित्रा नाईक यांच्याबरोबर शाळेबाहेर राहिलेल्या मुलांसाठी त्यांनी अनौपचारिक शिक्षणाच्या कामात लक्ष घातले. १९७४ मध्ये पद्मभूषण मिळाले होते. युनेस्कोने जगातल्या शंभर शिक्षणविचारवंतांची चरित्रे काढली, त्यांत गांधीजी आणि रवींद्रनाथांबरोबर नाईकही आहेत.

३० ऑगस्ट १९८१ रोजी ते गेले. आयोगाच्या शिफारशींचे पुढे काय झाले, याचा हिशेब मांडणारे त्यांचे शेवटचे पुस्तक दुसऱ्या वर्षी, १९८२ मध्ये बाहेर आले.