तोल शोधणारे डॉक्टर : रॉबर्ट बारानी

दिवाळीच्या सुट्टीत मी रायपूरला, शंकर नगरच्या घरी गेलो तेव्हा आजोबा भिंत धरून चालत होते. एके सकाळी त्यांना उजव्या कानाने ऐकू येईनासे झाले आणि सारे घर गरगर फिरू लागले. कानात मळ असेल म्हणून त्यांनी आठ दिवस दुखणे अंगावर काढले. डॉक्टर म्हणाले, आतल्या कानाला एकच बारीक धमनी रक्त पुरवते, तिला दुसरी वाट नाही. रक्तदाब आणि मधुमेहामुळे तिचा प्रवाह अडला असावा. मग त्यांनी कानात थंड आणि नंतर गरम पाणी सोडून आजोबांचे डोळे पाहिले. ही तपासणी शोधणारे डॉ. रॉबर्ट बारानी.

त्यांचा जन्म २२ एप्रिल १८७६ रोजी व्हिएन्नात झाला. लहानपणी हाडांच्या क्षयाने एक गुडघा कायमचा आखडला, तरी ते टेनिस खेळत, डोंगर चढत. १९०० साली ते डॉक्टर झाले. कान धुताना पाणी थंड असले तर रुग्णाला चक्कर येते व डोळे एका दिशेला झटके देतात, गरम असले तर उलट दिशेला, हे त्यांनी टिपले. आतल्या कानाच्या नलिकांतला द्रव गार झाला की खाली सरकतो, तापला की वर चढतो आणि मेंदूला वाटते, डोकेच फिरते आहे. डोळे हललेच नाहीत, तर तोलाचे इंद्रिय बंद पडले असे समजावे.

पहिल्या महायुद्धात आखडलेल्या गुडघ्यानिशी ते ऑस्ट्रियाच्या सैन्यात स्वेच्छेने डॉक्टर म्हणून गेले. १९१५ मध्ये प्शेमिशलचा किल्ला पडला आणि रशियनांनी त्यांना मध्य आशियातील मर्व येथे कैदेत ठेवले. तिथेही त्यांनी दोन्ही बाजूंच्या लोकांवर उपचार केले. १९१४ चे नोबेल पारितोषिक मिळाल्याची बातमी त्यांना कैदेतच कळली. स्वीडनचे राजपुत्र कार्ल यांच्या प्रयत्नांनी १९१६ मध्ये ते सुटले. पुढे स्वीडनमधील उप्साला येथे त्यांनी काम केले. ८ एप्रिल १९३६ रोजी तेथेच ते वारले.

उजव्या कानात पाणी सोडल्यावर आजोबांचे डोळे हलले नव्हते. तो कान परत आला नाही, पण रोजच्या व्यायामाने ते आता भिंत न धरता फाटकापर्यंत जातात. परेडला सावधान उभा राहिलो की मला ते आठवतात. मित्रांनो, घरी कोणाला अचानक एका कानाने ऐकू येईनासे झाले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. आम्ही आठ दिवस उशीर केला.